शाळेत नाव नसलेलं मूल आणि सीमेवरचे नियम

शाळा सोडल्याच्या दाखल्याला बेळगावात टीसी म्हणतात आणि तासाभरावरच्या चंदगडात एलसी. कागद तोच. चौथीनंतर मुलीची टीसी घेऊन आम्ही टिळकवाडीतल्या घरी आलो, तेव्हा ती पुढे कुठल्याच शाळेत द्यायची नव्हती. मुलीला घरीच शिकवायचं ठरलं होतं. आठवडाभरात सल्ले सुरू झाले. कोल्हापूरची नणंद म्हणाली, "वहिनी, घाबरू नका, दहावीला १७ नंबर फॉर्म भरायचा, झालं." यांचा बेंगळुरूचा मित्र म्हणाला, "एनआयओएस करा, मुक्त विद्यालय, सगळं सोपं आहे." आणि खानापूरच्या मामांनी यांनाच धरलं, "पोरीला शाळेला घालायचं नाही म्हणजे गुन्हा न्हवं काय गा?"

तिघंही थोडे बरोबर होते आणि थोडे चुकत होते. त्यातला चुकीचा भाग निस्तरण्यात आमची तीन वर्षं गेली. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात आणखी कोणी या वाटेला लागलं असेल, तर त्यांना हे आधी कळलेलं बरं.

मामांच्या प्रश्नापासून सुरुवात करते. शिक्षण हक्क कायदा, ज्याला सगळे आरटीई म्हणतात, तो २००९चा. लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांबद्दल बोलतो. सहाच्या आत बालवाडी, एलकेजी, यूकेजी घरी केलीत तर या कायद्याचा काही संबंधच येत नाही. सहानंतर मात्र कलम १० समोर येतं: आपल्या मुलाला शेजारच्या शाळेत प्रवेश घेऊन देणं हे पालकांचं कर्तव्य आहे. एवढं वाचून कोणाचाही घसा कोरडा पडेल. पण पुढे वाचत गेलं की दिसतं, हे कर्तव्य पाळलं नाही म्हणून पालकाला अमुक दंड किंवा तमुक शिक्षा, असं या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. 'सक्तीचं शिक्षण' या शब्दांचा अर्थ कलम ८ मध्ये दिला आहे, आणि ती सक्ती सरकारवर आहे. मुलांना प्रवेश मिळेल, ती हजर राहतील, शिक्षण पूर्ण करतील हे सरकारनं बघायचं. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीनं पालकांच्या मूलभूत कर्तव्यांत भर घातली, तिथले शब्दही 'शिक्षणाची संधी' देण्याचे आहेत.

२०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न आला, तेव्हा केंद्र सरकारनं प्रतिज्ञापत्रात सांगितलं की, जे पालक स्वतःहून होमस्कूलिंगची वाट धरतात त्यांच्या आड आरटीई येत नाही. होमस्कूलिंग करणारे सगळे याच कागदाचा आधार घेतात. आधार चांगला आहे, पण प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे. त्याच वर्षी कायद्यात एक दुरुस्तीही झाली. बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडता येतो, हे थेट कायद्यातच आलं. अशा घरांची बाजू आमच्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

मग होमस्कूलिंगला परवानगी आहे की नाही? परवानगी देणारं कोणी नाही आणि मनाई करणारंही कोणी नाही. काही देशांत घरी शिकवायचं तर नोंदणी करावी लागते, वर्षाला कोणीतरी येऊन तपासून जातं. तसलं आपल्याकडे काहीच नाही. पहिल्या वर्षी मला हे मोकळं रान वाटलं होतं. नंतर कळलं, नोंदणी नाही म्हणजे दाखवायला कागदही नाही.

आता दारात येणाऱ्या माणसाबद्दल. आपल्या जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिकोडी. खानापूर बेळगावात, निपाणी चिकोडीत. प्रत्येकाला उपसंचालक, खाली तालुक्याचे बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या खाली दहा-पंधरा शाळांमागे एक सीआरपी, म्हणजे त्या शाळांवर लक्ष ठेवणारी व्यक्ती. शाळेतल्या प्रत्येक मुलाची नोंद राज्याच्या 'सॅट्स' या ऑनलाइन यादीत असते. टीसी निघाली आणि पुढच्या शाळेत नाव चढलं नाही, की ते मूल यादीत लोंबकळत राहतं. असं मूल शोधायला माणूस येतो तो तुमच्यावर खटला भरायला येत नाही. त्याला वरून विचारणा झालेली असते की ही मुलगी वीटभट्टीवर आहे, लग्न लावून दिलं, की गाव सोडून गेली. हे प्रश्न विचारले जातात हे चांगलंच आहे. उसाच्या हंगामात कोयत्यामागे जाणाऱ्या टोळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ते पटेल.

आमच्याकडे आलेल्या बाईंना मी चहा दिला, मुलीच्या वह्या दाखवल्या, मुलगी स्वतः त्यांच्याशी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलली. त्यांनी विचारलं, "लिहून देता का?" मी दिलं. तुम्हीही अर्ज तयार ठेवा. मुलाचं नाव, जन्मतारीख, शेवटची शाळा, टीसी नंबर, 'आम्ही मुलाला घरी शिक्षण देत आहोत, अभ्यासक्रम अमुक, पुढे अमुक बोर्डाची परीक्षा देणार आहोत', एवढं एका पानात बसतं. तो कन्नडमध्ये लिहा. मराठीत लिहिण्याचा हक्क, त्यावरचं आपलं राजकारण, सगळं मान्य. पण ज्या टेबलावर तो वाचला जाणार आहे तिथल्या माणसाला तो लगेच कळला पाहिजे. आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

याच टप्प्यावर एक सल्ला हमखास येतो: "नाव तेवढं शाळेत ठेवा की." सीमाभागात तो जास्तच येतो, कारण आपल्या सरकारी मराठी शाळांचा पट घसरतोय. एकेका नावाला किंमत आहे. पट टिकला तर शिक्षक टिकतो, शिक्षक टिकला तर शाळा. एका गावातल्या गुरुजींनी आम्हाला आपणहून सांगितलं होतं, "नाव घाला, हजेरीचं मी बघतो." माणूस सज्जन, हेतू शाळा वाचवण्याचा. तरी मी नाही म्हटलं. रोज खोटी हजेरी लागते, त्या हजेरीवर माध्यान्ह भोजनाचे तांदूळ निघतात, आणि तपासणी झाली तर नोकरी गुरुजींची जाते, माझी नाही. शिवाय मुलीला वर्षानुवर्षं सांगत राहावं लागतं की कोणी विचारलं तर असं सांग. मराठी शाळेबद्दल एवढी कळकळ असेल तर मुलाला खरोखरच तिथे घाला. आमच्या ओळखीच्या एका घरानं शेवटी तेच केलं, आणि त्यांचं काही बिघडलं नाही.

परत यायचा रस्ता उघडा असतो, हेही सांगून ठेवते. कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यावा लागतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४. म्हणजे दोन वर्षांनी जमलं नाही तर मूल पुन्हा चौथीत बसेल ही भीती नको.

खरा गुंता दहावीपाशी येतो, आणि तिथे नणंदेचा सल्ला मोडतो. १७ नंबर फॉर्म हा महाराष्ट्राच्या बोर्डाचा, खासगीरीत्या दहावी-बारावीला बसणाऱ्यांसाठी. आपल्याकडे अर्ध्या घरांत कोणी ना कोणी तो भरलेला असतो, म्हणून तो आपलाच वाटतो. पण बेळगावात राहणाऱ्या मुलाचं बोर्ड कर्नाटकाचं. इथेही खासगी विद्यार्थी म्हणून एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीला, बसता येतं, वयाची अट असते, आणि मराठी प्रथम भाषा घेता येते. त्यासाठी कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक मंडळाची मराठी माध्यमाची पुस्तकं आहेत. बालभारतीची पुस्तकं वाचायला सुंदर आहेत, आमच्याकडे रोज वापरात असतात, पण एसएसएलसीचा पेपर त्यांवर निघत नाही. ऐकायला हे बाळबोध वाटेल. तरी ही चूक करून नववीत जागं झालेलं एक घर मला माहीत आहे.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, ही केंद्राची. १९८९ ला सुरू झाली. सीमेवरच्या घरासाठी तिची मोठी सोय अशी की ती ना कर्नाटकाची ना महाराष्ट्राची. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं. आधी शाळेत गेल्याचा पुरावा नसेल तर 'हा अभ्यास मला झेपेल' असं स्वतःच लिहून देता येतं. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. माध्यम मराठी घेता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाचही विषय एकदम द्यायची गरज नाही. पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं. गणित पुढच्या खेपेला ठेवलं म्हणून आकाश कोसळत नाही. घरी केलेल्या स्वाध्यायांना, ज्यांना तिथे टीएमए म्हणतात, २० टक्के वजन असतं. ते वेळेवर गेले नाहीत तर हकनाक गुण जातात. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या पातळीचे तीन टप्पेही ही संस्था घेते. आम्ही आठवीचा टप्पा द्यायचं ठरवलंय, केवळ हातात एक प्रमाणपत्र असावं म्हणून. केंब्रिजच्या परीक्षांचा पर्याय मोठ्या शहरांत बराच चालतो. त्याची फी ऐकून मी तो विषय बंद केला.

एनआयओएसची दहावी घेऊन इथल्या पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात जायचं तर मायग्रेशन दाखला लागतो, तो एनआयओएस देते. दुसऱ्या बोर्डातून आलेल्याला पात्रता प्रमाणपत्रही काढावं लागतं. म्हणजे निकालानंतरच्या त्या धावपळीत एक फेरी जास्त. डॉक्टर व्हायचं असेल तर नीटचं दार मुक्त विद्यालयाच्या मुलांना पूर्वी बंद होतं. तो अडथळा आता गेलाय.

यापुढचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, बेंगळुरूच्या मित्रानंही नाही. त्याच्या मुलाला त्याची गरज पडली नसेल.

कर्नाटकात सीईटीतून इंजिनिअरिंग वगैरे सरकारी जागा मिळवायची तर 'आपण कर्नाटकाचे' हे दाखवावं लागतं. त्याचा सगळ्यात वापरातला मार्ग म्हणजे पहिली ते बारावीमध्ये किमान सात वर्षं राज्यातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात शिकल्याचा दाखला. घरी शिकलेल्या मुलाकडे नेमकी ती सात वर्षं नसतात. चौथीपर्यंत शाळा, मग घर, मग पीयूची दोन. हिशेब सहावर थांबतो. आमचा तसाच थांबला. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून मी बराच वेळ गप्प बसले होते.

दुसरा मार्ग सीईटीच्या माहितीपुस्तिकेत खाली बारीक अक्षरांत सापडला. मुलानं अकरावी-बारावी कर्नाटकात केली असेल आणि आई किंवा वडील, दोघांपैकी कोणी एक, सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असेल, तरी चालतं. सीमाभागात हे 'किंवा' फार कामाचं आहे, कारण इथल्या निम्म्या सुना गडहिंग्लज, आजरा, कोल्हापूरच्या. माझी सगळी शाळा महाराष्ट्रातली, यांची बेळगावातल्याच शाहापूरची. यांच्या जुन्या शाळेतून सही-शिक्क्याचा दाखला आणायला आम्हाला तीन खेटे पडले, पण मिळाला. तुमच्या घरात कोण कुठे शिकलं हे आजच बघून ठेवा. जुन्या शाळांची रजिस्टरं वाळवीची वाट बघत बसलेली असतात.

आता सीमेची दुसरी बाजू. महाराष्ट्रानं ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, तिथल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा प्रकार आहे. फॉर्ममध्ये तो 'टाइप ई' म्हणून येतो. अट अशी, की मूल सीमाभागात राहणारं हवं, मातृभाषा मराठी हवी आणि दहावी किंवा बारावी सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली हवी. शेवटची अट लिहिताना शाळा-कॉलेजात जाणारं मूलच डोळ्यांसमोर होतं, हे उघड आहे.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिलं आणि आमचा निर्णय झाला: दहावीपर्यंत घरी, अकरावी-बारावी बेळगावातल्या कॉलेजात. दोन वर्षांच्या त्या कॉलेजानं कर्नाटकाचं दार उघडं राहतं आणि महाराष्ट्राचंही. होमस्कूलिंगच्या कडव्या मंडळींना ही तडजोड वाटेल. वाटू दे. प्रवेशाची पुस्तिका दरवर्षी नवी निघते, तेव्हा मूल नववीच्या वयाचं झालं की दोन्ही राज्यांच्या ताज्या पुस्तिका उतरवून घ्या आणि 'पात्रता' हे प्रकरण स्वतः वाचा.

जातीच्या दाखल्याचं थोडक्यात: नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या महसुली कार्यालयात, बहुतेक वेळा शाळेचा कागद मागतात. शाळेत कधीच नाव नसेल तर वडिलांचा शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांवर काम न्यावं लागतं. ते लवकर काढून ठेवलेलं बरं.

कन्नडबद्दल माझं मत काहींना रुचणार नाही. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत पहिली ते दहावी कन्नड शिकवणं सक्तीचं केलं. तो कायदा शाळांना लागू आहे, स्वयंपाकघराला नाही. उलट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कर्नाटकाच्याच खटल्यात म्हटलं की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि माध्यम सरकारला लादता येणार नाही. तेव्हा घरी मराठीतून शिकवा, बिनदिक्कत शिकवा. पण कन्नड सोडू नका. शाळेत जाणारं मूल ते मैदानावर तरी उचलतं. घरातलं मूल उचलत नाही. आमची मुलगी पहिल्या वर्षी कन्नड जवळजवळ विसरली. मग समोरच्या गोकाकच्या अज्जींकडे रोज अर्धा तास बसायला लागली, आणि आता अज्जी तिच्याकडून मराठी मालिकेची गोष्ट समजून घेतात.

राहिली माणसं शोधायची गोष्ट. पुण्यात, बेंगळुरूत होमस्कूलिंग करणाऱ्यांचे मोठे गट आहेत. देशपातळीवर 'स्वशिक्षण' नावाची संघटना आहे. तिथे मन हलकं होतं, पण मुलीला खेळायला पुण्याचं मूल काय कामाचं? इथली घरं मला तीन ठिकाणी सापडली. एक, लष्कराच्या आणि सांबऱ्याच्या हवाई दलाच्या वसाहतींत. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांत काही जण शाळेचा नाद सोडून देतात. दोन, विशेष गरजा असलेल्या मुलांची घरं. ती स्वतःला होमस्कूलर म्हणवत नाहीत, पण घरी शिकवण्याचं त्यांना माझ्यापेक्षा दसपट कळतं. आणि तिसरं ठिकाण कोणाच्या डोक्यात येणार नाही: आपली गावोगावची साहित्य संमेलनं. कडोली, येळ्ळूर, उचगाव. ग्रंथदिंडीत मुलांना घेऊन चालणारे आणि पुस्तकांच्या टेबलापाशी रेंगाळणारे आई-वडील हेरायचे आणि बोलायला लागायचं. येळ्ळूरच्या मांडवात, भाताच्या पत्रावळीवर, आमची पहिली ओळख झाली.

ओळख झाली की तीन गोष्टी लगेच विचारून घ्या: मोबाइल किती, परीक्षा देणार का, आणि मुलांशी घरात कोणती भाषा बोलता. 'समविचारी' हा शब्द फसवा आहे. कोणी शाळेचाच अभ्यासक्रम घरी घेतो, कोणी मुलाला काहीच शिकवायचं नाही म्हणतो, कोणाला फक्त बॅडमिंटनला वेळ हवा असतो. एका घराशी आमचं पटेना, कारण त्यांना गटात फक्त इंग्रजी हवं होतं. चांगली माणसं होती, अजूनही गणपतीला येतात.

गट जमला की एक मोह होतो आणि तिथे सांभाळा. "पाच घरं आहोत, एक खोली भाड्यानं घेऊ, एक शिक्षक ठेवू, वर्गणी काढू." इथे तुम्ही घराबाहेर पडून शाळेच्या व्याख्येत पाय ठेवता. मान्यता नसलेली शाळा चालवली तर आरटीईच्या कलम १८ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. पालकाला दंड नाही म्हणाले ते खरं, पण हा दंड आहे. म्हणून आमच्याकडे खोली नाही, पाटी नाही, फी नाही. शनिवारी एकाच्या घरी, नाहीतर किल्ल्यात कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराच्या पायऱ्यांवर. डबा ज्याचा त्याचा.

जूनमध्ये एक घर गळतं. नवे गणवेश, नवी दप्तरं रस्त्यावर दिसायला लागली की एखाद्या मुलाला शाळेत जावंसं वाटतं, आणि त्याला जाऊ द्यावं. सध्या आम्ही चार घरं आहोत. चौथं निपाणीचं, त्यांना बेळगाव सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर पडतं, म्हणून महिन्यातला एक शनिवार मध्ये संकेश्वरला ठेवलाय. दिवाळीनंतर हिरण्यकेशी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की मुलांना आत बघायचंय. परवानगीचा अर्ज माझ्या मुलीनं लिहिलाय, कन्नडमध्ये. अज्जींनी दोन चुका काढल्या.